स्वखर्चाने उपस्थित राहावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला होता : ‘मी आणि माझी नोकरी’. बावीस वर्षे वाचनालयात काढलेली बाई पुस्तकांविषयी काही गोड बोलेल आणि मग अल्पोपाहार होईल, अशी त्यांची कल्पना असावी. परंतु घरी बसून विचार करू लागले तेव्हा ध्यानात आले, की मिळालेल्या नोकरीपेक्षा न मिळालेल्या एका नोकरीनेच मला अधिक शिकवले आहे. तेव्हा आज त्या न मिळालेल्या नोकरीची हकीकत सांगणार आहे. अल्पोपाहार मात्र ठरल्याप्रमाणे होईल, काळजी नसावी.

गोष्ट १९९४ च्या मे महिन्यातली. आम्ही तेव्हा सांगलीस होतो. यजमान बँकेत, त्यामुळे तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवणे नशिबी आलेले. धाकटा मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. पहाटे उठून डबे करायचे, एस.टी. गाठायची, संध्याकाळी परत येऊन मुलांचा अभ्यास घ्यायचा, असे ते वर्ष गेले. ते पार पडले याचे निम्मे श्रेय माझ्या सासूबाईंचे. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. पण “शिकतेस ते पुरं कर, अर्ध्यावर सोडलेलं विणकाम घरात ठेवू नये,” असे म्हणत त्यांनी दोन्ही मुले सांभाळली.

आणि एके दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात आली. एका शिक्षणसंस्थेच्या माध्यमिक शाळेत ग्रंथपालाची जागा भरावयाची होती. गाव दोन एस.टी. बदलून जाण्यासारखे होते. जाहिरातीच्या शेवटी नेहमीचे वाक्य होते, ‘उमेदवारांनी मूळ प्रमाणपत्रे व साक्षांकित प्रतींसह स्वखर्चाने उपस्थित राहावे.’ ते वाक्य तेव्हा मला मुळीच खटकले नाही. उलट ‘उपस्थित राहावे’ या शब्दांनी मला मोठे झाल्यासारखे वाटले.

ठरल्या दिवशी सासूबाईंनी हातावर दही घातले. सकाळी दहाची वेळ दिलेली होती. मी साडेनऊलाच पोहोचले. शाळेला सुटी असल्यामुळे व्हरांड्यात सगळीकडे धूळ. तिथे दोन बाकांवर आम्ही चौदा उमेदवार बसलो होतो. पैकी नऊ बायका. एकीच्या मांडीवर सहा महिन्यांचे मूल होते. एक गृहस्थ रात्रभर प्रवास करून आले होते. कोणी कोणाशी बोलत नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातल्या पिशवीकडे बघून तिच्यात किती प्रमाणपत्रे असतील याचा अंदाज घेत होता. बारा वाजले तरी निवड समितीचा पत्ता नाही, तेव्हा मात्र सगळ्यांची भीड मोडली. डबे सुटले. माझ्या दशम्या त्या बाळाच्या आईने खाल्ल्या, तिची शेंगदाण्याची चटणी मी. शाळेचा शिपाई म्हातारा आणि भला माणूस होता. त्याने माठ भरून आणून ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, उन्हाचं कशाला येवढ्या लांब आलात?” त्याच्या बोलण्यात काय होते ते मला पुढे पुष्कळ दिवसांनी कळले.

साडेबारानंतर समिती आली. माझा क्रमांक लागला तेव्हा पावणेचार वाजले होते.

आत चौघे जण बसले होते. एकाने माझी प्रमाणपत्रे चाळली, दुसरे वर्तमानपत्र वाचत होते आणि शेवटपर्यंत वाचतच राहिले. प्रश्न सुरू झाले.

“यजमान काय करतात?”

“बँकेत आहेत.”

“मग तुम्हांला नोकरीची गरज काय पडली?”

मी म्हणाले, “मी या विषयाचं शिक्षण घेतलं आहे, ते काम मला येतं.” यावर कोणी काही बोलले नाही.

“बँकेतले म्हणजे बदली होणार. मग तुम्ही आम्हांला मध्येच सोडून जाणार?”

“मुलं किती? केवढी? आजारी पडली तर कोण बघतं?”

“आणखी काही विचार आहे का?” हा प्रश्न मला प्रथम समजलाच नाही. समजला तेव्हा कान तापले. चार परपुरुषांपुढे, सासूबाईंची ठेवणीतली इरकल नेसून बसलेली मी, तिसऱ्या मुलाचा विचार नसल्याचे सांगत होते.

ग्रंथालयासंबंधी एकच प्रश्न विचारण्यात आला : “पुस्तके हरवली तर भरपाई कोण करणार?” मी म्हणाले, “मुलं पुस्तकं वापरू लागली म्हणजे थोडी फाटणार, एखाददुसरं हरवणारही. कपाटाला कुलूप असलं तर काहीच हरवत नाही, पण मग कोणी वाचतही नाही.” तेव्हा अध्यक्ष हसले. म्हणाले, “बाई, तुमचे विचार चांगले आहेत. आमच्याकडे चार हजार पुस्तकं कपाटांत बंद पडली आहेत. ग्रंथालय कसं लावाल याची एक योजना लिहून पाठवा. मग कळवू.”

भगिनींनो, त्या ‘कळवू’ने मी हवेत तरंगत घरी आले. तिसऱ्या मुलाचा प्रश्न विसरले, पावणेसहा तासांचे बाकावर बसणे विसरले. पुढचे पंधरा दिवस रात्री मुले झोपली की मी स्वयंपाकघरात दिवा लावून बसे. अठरा फुलस्केप कागद लिहिले. दाखल नोंदवही कशी ठेवावी, पुस्तकांचे विषयवार वर्ग कसे पाडावेत, आठवड्याला एक तास प्रत्येक वर्गाने ग्रंथालयात कसा घालवावा, सारे त्यात होते. पुस्तके लावण्याची जी दशांश पद्धत आपल्याकडे सर्रास वापरतात, ती मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केली. त्या पद्धतीत मराठी वाङ्मयाचा क्रमांक ८९१.४६ असा येतो. आता पाचवीच्या मुलाने गोष्टीचे पुस्तक शोधायला एवढा आकडा कुठे लक्षात ठेवावा? म्हणून मी पुस्तकांच्या पाठीवर रंगीत पट्ट्या सुचवल्या : गोष्टींना पिवळी, चरित्रांना तांबडी, विज्ञानाला हिरवी, प्रवासाला निळी. त्याचा एक मोठा तक्ता मुलांच्या रंगपेटीतले रंग घेऊन तयार केला. तो गुंडाळून, रजिस्टर टपालाने पाठवून दिला.

आणि मग काहीच झाले नाही.

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या. मी एक पत्र लिहिले. उत्तर नाही. दुसरे लिहिले, सोबत तिकीट लावलेला, स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा जोडला. तोही गडप झाला. पोस्टमन गल्लीत आला की सासूबाई दाराशी उभ्या राहत. तो “नाही हो आजी” म्हणून पुढे जाई. सप्टेंबरपर्यंत त्या रोज उभ्या राहिल्या. मला त्या काही विचारत नसत. पण एका दुपारी त्यांनी पोस्टमनच्या वेळेला गव्हाचे ताट घेऊन निवडायला आत बसणे पसंत केले, त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. हिशेबाच्या वहीत मात्र नोंद राहिली : ‘मुलाखत – ४७ रुपये’. त्याखाली ‘रजिस्टर टपाल’ आणि त्याखाली ‘तिकिटे’.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या भाचीची वक्तृत्वस्पर्धा नेमकी त्याच शाळेत निघाली. जायचे नाही असे ठरवले होते, पण पोरीबरोबर दुसरे कोणी मोकळे नव्हते. स्पर्धा चालू असता मी सहज ग्रंथालयाकडे गेले. दार उघडे होते. समोर भिंतीवर माझा तक्ता होता. अक्षर दुसऱ्याचे, खाली संस्थेचे नाव. पण पिवळी, तांबडी, हिरवी, निळी त्याच क्रमाने. कपाटांतल्या पुस्तकांच्या पाठींवर पट्ट्या चिकटवलेल्या. दोन मुले खाली बसून पिवळ्या पट्टीचे पुस्तक वाचत होती.

टेबलाशी पंचविशीतली एक मुलगी होती. वर्षभर मनातल्या मनात जिला मी बोटे मोडली ती हीच! मी पालक आहे असे सांगितले. ती लगबगीने उठली, खुर्ची पुसून दिली. मी तक्त्याकडे बघते आहे असे पाहून म्हणाली, “ही योजना मला कार्यालयातून दिली बाई. फार चांगली आहे. कोणी केली विचारलं, तर म्हणाले संस्थेनेच केली.” मग चहा मागवला आणि आपण होऊन बोलत सुटली. एकटेपणी काम करणारी माणसे अशीच बोलतात. ती त्या शाळेत मुलाखतीच्या आधी वर्षभर काम करीतच होती. जागा तिलाच द्यायची हे ठरलेले होते. जाहिरात आणि मुलाखती कागदोपत्री हव्या होत्या म्हणून झाल्या. परंतु तिलाही कायम केले नव्हते. जूनमध्ये नेमायचे, एप्रिलअखेर मोकळे करायचे आणि पगाराची सही एका आकड्यावर घेऊन हातात दुसरा आकडा ठेवायचा. “सांगू कोणाला? पुढच्या जूनला बोलावलंच नाही तर?” असे म्हणून ती पुस्तके आवरू लागली.

मी माझे नाव तिला सांगितले नाही. चहा घेतला आणि भाचीकडे परतले. ज्या जागेसाठी मी रडले ती जागाच नव्हती, आणि जिला ती मिळाली असे मी समजत होते तिलाही ती मिळालेली नव्हती. चौदा जणांचा एक दिवस, चौदा घरांतला दह्याचा शकुन, मांडीवरच्या त्या बाळाचे उन्हातले हाल, हे सारे एका फायलीत चार कागद लागावेत म्हणून झाले होते.

आता कोणी म्हणेल, निवड करणे हा संस्थेचा हक्क आहे. तुम्ही नाही निवडल्या गेलात म्हणून हा राग. तसे नाही. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगते. मद्रास विद्यापीठाला ग्रंथपाल हवा होता. अर्ज शेकड्यांनी आले, पण ग्रंथालयाचे रीतसर शिक्षण घेतलेला एकही नव्हता. गणिताच्या एका तरुण अध्यापकाने मुलाखतीआधी ज्ञानकोशातला ग्रंथालयांवरचा लेख वाचला आणि त्या बळावर तो समितीपुढे गेला. १९२४ साली त्याचीच नेमणूक झाली. काम इतके कंटाळवाणे वाटले, की आठवड्याभरात तो पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणून सांगायला गेला. तेच शियाळी रामामृत रंगनाथन. भारतातील ग्रंथालयशास्त्राचा पाया ज्यांनी घातला ते. तेव्हा निवड समिती कोणाला घेईल, कोणाला नाही, आणि त्यातून काय निघेल, हे कोणी सांगावे? माझ्या जागी दुसरीला घेतले याची तक्रार मी करीत नाही. मला काय विचारले आणि मला काय सांगितले नाही, याची तक्रार आहे.

विचारण्याविषयी आधी बोलते. बाईला तिच्या कामाऐवजी तिच्या संसाराविषयी विचारायचे, ही रीत जुनीच आहे. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमलाबाई, पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने घेऊन बंगलोरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. संस्थेचे संचालक साक्षात सर सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष काम पाहून मग ठरवू आणि तुमच्यामुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा अटींवर प्रवेश मिळाला. पुढे १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्यांचे काम पाहून त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. पण तो अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत.

स्वातंत्र्य मिळाले, राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत स्त्री म्हणून भेद करता येणार नाही असे लिहून दिले. तरी परराष्ट्र सेवेत १९४९ साली दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी चोनिरा बेळ्ळियप्पा मुथम्मा यांना मुलाखत घेणाऱ्या मंडळानेच या सेवेचा नाद सोडा असे सुचवले होते. लग्न केल्यास राजीनामा देईन असे त्यांना लिहून द्यावे लागले. शेवटी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांचा खरपूस समाचार घेतला. इकडे मुंबईत एका औषध कंपनीच्या एका खात्यातल्या मुलींना लग्न होताच नोकरी सोडावी लागे. कामगार संघटनेने तो नियम न्यायालयात नेला आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. लग्न झालेल्या बायका फार गैरहजर राहतात, हे कंपनीचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही.

आणि १९९१ सालचा एक निकाल तर प्रत्येक मुलीला सांगून ठेवावा असा आहे. आयुर्विमा महामंडळात नोकरीस लागणाऱ्या स्त्रियांकडून एक प्रतिज्ञापत्रक भरून घेत. त्यात पाळी नियमित येते का, गर्भारपणे किती झाली, अशी जी माहिती आपण डॉक्टरीणबाईंवाचून कोणाला सांगत नाही, ती विचारलेली असे. एका तरुणीने ती नीट दिली नाही, बाळंतपणाची रजा घेतली, आणि तिला कामावरून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि ते रकाने पत्रकातून काढून टाकायला सांगितले.

भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करू नये हे तर १९७६ च्या समान वेतन कायद्यातच होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ते आले आहे. मला १९९४ साली ‘आणखी काही विचार आहे का’ असे विचारले, तेव्हा यातले बहुतेक सारे होऊन गेलेले होते. मला ते माहीत नव्हते, आणि माहीत असते तरी त्या खोलीत मी तोंड उघडले असते असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. गरजू माणूस त्या खुर्चीत बसला म्हणजे कायदा दाराबाहेर चपलांजवळ राहतो.

आता सांगण्याविषयी. इथे कायदाही फारसा कामाला येत नाही. ‘तुमची निवड झाली नाही’ असे पत्र पाठवायला लावणारे कलम माझ्या पाहण्यात नाही.

मात्र तसे पत्र मला एकदा आले आहे. १९९५ साली दुसऱ्या एका गावच्या वाचनालयात मी मुलाखत दिली. अकराला बोलावले आणि अकराला आत घेतले. वीस मिनिटे कामाचे प्रश्न विचारले. आठव्या दिवशी साधे पोस्टकार्ड आले. आपली निवड झाली नाही, अधिक अनुभव असलेल्या उमेदवाराची नेमणूक केली आहे, आपण आलात याबद्दल आभारी आहोत. एवढाच मजकूर, खाली चिटणीसांची सही. सासूबाईंनी ते वाचून घेतले आणि म्हणाल्या, “माणसं चांगली आहेत.” नोकरी मिळाली नव्हती; तरी त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी पोहे करून खाल्ले. ते कार्ड अजून माझ्यापाशी आहे. १९९७ साली नोकरी मिळाली त्या नेमणुकीचे पत्र कुठे आहे ते मात्र मला शोधावे लागेल.

मैत्रिणींनो, इथवर ऐकताना तुम्ही मनातून माझ्या बाजूने होतात, हे मला तुमच्या चेहऱ्यांवरून दिसते आहे. म्हणून पुढचे सांगणे मला जड जाते. पण त्याच्यासाठीच मी आज उभी राहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या पाळणाघरासाठी व्यवस्थापिका नेमायची होती. तिघींची समिती केली. त्यात मी होते. अकरा अर्ज आले. अकराही जणींना आपण सकाळी दहालाच बोलावले. आपली स्वतःची सभा लांबली, म्हणून सुरुवात साडेअकराला झाली. एक मुलगी कडेवर मूल घेऊन, दोन बस बदलून आली होती. आणि तिला एक प्रश्न विचारला गेला : “तुमच्या बाळाला कोण सांभाळेल?” पाळणाघराच्या नोकरीसाठी! तो प्रश्न मी विचारला. दुसऱ्या एकीला लग्न कधी करणार असे विचारले, तेव्हा मी गप्प होते. नेमणूक झाली ती आपल्यातल्या एकीच्या ओळखीच्या बाईंची. त्या कामाला उत्तम आहेत, आणि त्यांच्याविषयी एक अक्षरही वावगे बोलण्यासारखे नाही. पण उरलेल्या दहा जणींना आपण काय सांगितले? “कळवू.”

महिन्याभराने त्यातल्या एकीचा दूरध्वनी मंडळात आला. मी तिथेच हिशेब तपासत बसले होते. ज्यांनी तो घेतला त्यांनी “अजून ठरलं नाही” असे सांगून टाकले. वाईट बुद्धीने नव्हे. ‘नाही’ म्हणायला आपल्याला जड जाते म्हणून. पलीकडची मुलगी म्हणाली असावी, मी थांबू ना? कारण इकडून उत्तर गेले, “हो, थांबा की.” माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. मला सासूबाई दिसल्या, दाराशी पोस्टमनची वाट बघणाऱ्या. त्या आता नाहीत. असत्या तर मंडळातून घरी गेल्यावर त्यांच्यापुढे उभे राहायला मला लाज वाटली असती.

त्या आठवड्यात मी दहाही जणींना फोन केले. काहींनी “बरं” म्हणून ठेवला. एक चिडली, तिचा राग रास्त होता. ती जी थांबली होती, तिने आमच्या ‘कळवू’वर भिस्त ठेवून दुसरीकडचे काम सोडले होते. मी क्षमा मागितली. क्षमा मागून तिचे काम परत आले नाही, हेही इथे सांगितले पाहिजे.

मग मी कार्यकारिणीपुढे काही सूचना ठेवल्या. एक, जागा आधीच ठरली असेल तर दुसऱ्या कोणालाही बोलावू नये. दोन, प्रत्येकीला वेगळी वेळ द्यावी आणि ती पाळावी. तीन, प्रश्न कामापुरतेच असावेत. ते आधी कागदावर लिहून काढावेत आणि सर्वांना तेच विचारावेत. चार, पंधरा दिवसांच्या आत प्रत्येकीला होय किंवा नाही कळवावे, आणि कोण कळवणार तिचे नाव त्याच दिवशी ठरवावे. पाच, कोणाकडून योजना किंवा नमुन्याचे काम करून घेतले तर त्याचा मोबदला द्यावा, आणि वापरले तर तिचे नाव लावावे. सहा, बाहेरगावाहून बोलावलेल्या उमेदवारांना एस.टी.चे भाडे द्यावे. पहिल्या पाच सूचना मंजूर झाल्या. सहावीवर खजिनदारबाईंनी शिल्लक वाचून दाखवली, तेव्हा ती पुढच्या वर्षावर गेली. आज वर्धापनदिन आहे, देणगीची पेटी दाराशी आहे, तेव्हा या सूचनेची आठवण मी मुद्दाम करून देते.

आपल्यापैकी पुष्कळ जणी म्हणतील, आम्ही कुठे नेमणुका करतो? करतो, बायांनो. धुण्याभांड्याला बाई ठेवताना करतो, म्हाताऱ्या माणसांच्या सोबतीला कोणी बघताना करतो, मुलांच्या शिकवणीला मास्तरीणबाई शोधताना करतो. “उद्यापासून या” म्हणून सांगतो, आणि रात्री दुसरी स्वस्त मिळाली की पहिलीला सकाळी दारातून परत पाठवतो. तिनेही दुसरे घर सोडलेले असते. तिच्याही घरी कोणीतरी विचारणारे असते, “काय म्हणाले?”

त्या विचारणाऱ्या माणसाला सांगता येईल असे काहीतरी तिच्या हातात द्यावे, एवढीच माझी विनंती आहे. ‘नाही’ म्हणायचे असेल तर नाही म्हणावे. पण वेळेवर म्हणावे, आणि तिला समोर बसवून किंवा चार ओळी लिहून म्हणावे. पूर्वी पोस्टकार्डाला काही पैसे तरी पडत. आता निरोप पाठवायला तेवढेही पडत नाहीत.

 चिटणीसबाईंनी दिलेला विषय मी सोडून दिला, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते, आणि आपली रजा घेते.